जायचे की राहायचे, हे कोण ठरवते?

कसबा बावड्यात आम्ही काहीजणी दर शनिवारी दुपारी सल्ला केंद्र चालवतो. येणाऱ्या तक्रारी बहुतेक नेहमीच्याच असतात. नवऱ्याची मारहाण, पोटगी, रेशनकार्डावरून कमी झालेले नाव, सासरी अडकून पडलेले दागिने. गेल्या वर्षी एका शनिवारी मात्र एक आई वेगळेच गाऱ्हाणे घेऊन आली. "ताई, तुमचं ऐकती ती. जरा समजावून सांगा की तिला. जर्मनीला जातो म्हणून हटून बसलीया."

मुलगी २५ वर्षांची. बारावीनंतर तीन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम केलेली, शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नोकरी करणारी. दोन दिवसांनी तीही आली. आमच्याकडे मुली स्वतःविषयी बोलताना 'मी जातो, मी करतो' असेच म्हणतात. तीही तसेच म्हणाली, "मावशी, मी जातो म्हणजे जातो. दादा गेला तवा कुणी सल्ला केंद्रात आलं होतं का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तो प्रश्न मनातून गेला नाही, म्हणून हा लेख. (त्या घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आधी त्या घराची हकीकत सांगते. वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला होते. २००८ मध्ये अमेरिकेत बँका बुडाल्या, जगभर मंदी आली, मोटारींचे सुटे भाग ओतणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांच्या ऑर्डरी घटल्या आणि या माणसाच्या पाळ्या कमी झाल्या. न्यूयॉर्कमध्ये काय झाले हे या घराला कुणी सांगितले नाही. पगाराचे पाकीट हलके झाले, एवढेच कळले. "कारखान्यात काय राम नाही, पोरानं डॉक्टर व्हावं," हे त्या घरात तेव्हा ठरले. इथल्या खासगी महाविद्यालयाची फी झेपणारी नव्हती. म्हणून २०१९ मध्ये गावाकडची काही गुंठे जमीन विकून मुलाला युक्रेनला पाठवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. घरात कमरेएवढे पाणी. मुलाचा दुसरा हप्ता भरायचा होता, म्हणून भिंतींना गिलावा झाला नाही. २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वडिलांचे काम सहा महिने बंद राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मुलगा तिसऱ्या वर्षाची वह्या-पुस्तके तिथेच टाकून घरी आला.

या सगळ्या काळात मुलगी काय करत होती? ती शिकत होती, घर चालवत होती आणि कोरोनाच्या वॉर्डात रात्रपाळी करत होती. तिच्या पगारातून भावाच्या कर्जाचा हप्ता जात होता. त्या वेळी तिला पगार मिळत होता १२,००० रुपये. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच शिफारस केली होती की, अगदी ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही हा पगार २०,००० रुपयांच्या खाली नसावा. ती शिफारस कागदावर राहिली. टाळ्या मात्र वाजल्या.

वर्तमानपत्रांत आणि घराघरांत तरुणांच्या परदेशी जाण्याविषयी बोलले जाते ते असे, की जणू एकटा तरुण जगाचा नकाशा समोर ठेवून आपले भवितव्य निवडतो आहे. महत्त्वाकांक्षा, संधी, करिअर हे शब्द वापरले जातात. प्रत्यक्षात निर्णय कसा होतो ते वर दिसते. मंदी, पूर, साथ, युद्ध ही संकटे दूर कुठेतरी सुरू होतात आणि बावड्यातल्या एका घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतात. आत आल्यावर ती सगळ्यांवर सारखी पडत नाहीत. मुलासाठी जमीन विकली जाते. मुलीसाठी स्थळ बघितले जाते. संकट जगाचे असले तरी त्याचे वाटप घरातली सत्ता करते. आपण स्त्रियांच्या चळवळीने या विषयाकडे लक्ष द्यायला हवे ते यासाठी.

हे आजचेच आहे असेही नाही. आपल्या कोल्हापूरचा इतिहास पाहा. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा १८ वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेल्याचे दुःख त्यांनी भोगले होते. बाईला बाई डॉक्टर मिळत नाही, हे त्यांच्या काळचे संकट होते आणि त्याचे उत्तर शोधायला त्या समुद्रापार गेल्या. १८८६ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांची नेमणूक झाली ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागावर. आपण आज ज्याला सीपीआर म्हणतो तेच हे रुग्णालय. ती सूत्रे हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या क्षयाने गेल्या. परदेशी जाणाऱ्या पहिल्या मुलींपैकी एक मुलगी आपल्या गावच्या रुग्णालयासाठीच परत येत होती, हे 'मुली बाहेर गेल्या की गेल्याच' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले आणि पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या बोटीबरोबर त्यांची पुस्तकेही समुद्रात गेली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले त्यात शाहू महाराजांच्या मदतीचा वाटा होता. या शाहूंचा जन्म आपल्या बावड्यातल्या लक्ष्मीविलास राजवाड्यातला. या कथेचा एवढा भाग आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. मागे मुंबईत राहून हलाखीत संसार ओढणाऱ्या, मुलांची आजारपणे आणि मृत्यू सोसणाऱ्या रमाबाईंची बाजू मात्र त्यागाच्या एका वाक्यात संपवली जाते. जो जातो त्याचा इतिहास होतो. जी मागे राहते तिच्या श्रमाची नोंद होत नाही. बोट बुडाली तर पुस्तके गेल्याचे कळते. घरी चूल किती दिवस पेटली नाही हे कळत नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हाही हेच झाले. सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी परत आणले गेले. आखातातून येणाऱ्या मनीऑर्डरवर कोकणातली किती घरे उभी होती, हे सर्वांना ठाऊक आहे. ती बंद झाल्यावर कर्ज काढणे, दागिने मोडणे, परतलेल्या पुरुषाच्या चिडचिडीला तोंड देणे हे सगळे बायकांच्या वाट्याला आले. बचावाच्या विमानांची संख्या नोंदली गेली. त्या मोडलेल्या दागिन्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मग आजच्या संकटांत वेगळे काय आहे? वेगळे हे आहे की, आता जगाला बाईचे काम हवे आहे. जर्मनी, ब्रिटन, जपान हे देश म्हातारे होत आहेत. आजाऱ्याची, वृद्धाची, अपंगाची सेवा करायला तिथे माणसे नाहीत. कोरोनाने ही उणीव उघडी पाडली. ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये आरोग्यसेवेतल्या कामगारांसाठी खास व्हिसा आणला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची काळजी घेणाऱ्या सेविकांनाही त्यात घेतले. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. त्यात १०,००० कुशल तरुण पाठवण्याची योजना होती आणि परिचारिकांचे काम तिच्यात प्रामुख्याने होते. आमच्या या मुलीने जर्मनचा क्लास लावला तो हे सगळे ऐकूनच.

म्हणजे जे काम आपल्या आयांनी जन्मभर फुकट केले, ज्याला कधी कुणी काम म्हटले नाही, त्याला परदेशात आता भाव आला आहे. यात आनंद मानावा का? थोडा मानावा. सेवा हे कौशल्य आहे, हे निदान कुणी पगार देऊन मान्य करते आहे. पण पूर्ण आनंद मानता येत नाही, कारण दार उघडणारेच ते बंद करतात. ब्रिटनमध्ये मार्च २०२४ पासून या सेविकांना नवरा-मुलांना सोबत नेण्यास बंदी झाली. जुलै २०२५ पासून परदेशातून नव्याने सेविका घेणेच थांबले. मधल्या काळात कर्ज काढून गेलेल्या अनेकींना तिथे पोहोचल्यावर कळले की, ज्या मालकाच्या नावावर आपण आलो त्याच्याकडे कामच नाही. तिच्या हाताची गरज आहे, पण तिचे मूल नको. ती आई आहे, माणूस आहे, हे नको. गिरणीच्या काळापासून मालकांची वृत्ती हीच आहे. आता ती देशांची झाली आहे.

इस्रायलचे उदाहरण याहून कठीण आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर तिथल्या सरकारने हजारो पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने थांबवले आणि त्यांच्या जागी भारतातून माणसे नेण्याची घाई झाली. बांधकाम आणि शुश्रूषा अशा दोन्ही कामांसाठी ४२,००० भारतीय नेण्याचा करार त्याच वर्षी आधीच झालेला होता. २०२४ मध्ये महाराष्ट्रातही भरतीची मोहीम निघाली. एका बेकाराच्या ताटातली भाकरी काढून दुसऱ्या बेकाराला देण्याचा हा प्रकार आहे. ज्या पॅलेस्टिनी घरातला पगार थांबला त्या घरात चूल कोण सांभाळते आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जाणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. पण युद्धावर बोलताना ही साखळी आपण बोलून दाखवली पाहिजे.

युद्धाने निर्णय बदलतात ते घरात कसे, हेही पाहू. युक्रेनमधून मुले परतली तेव्हा त्यांना इथल्या महाविद्यालयांत सामावून घेतले गेले नाही. पुढे दुसऱ्या देशात शिक्षण पूर्ण करण्याची मुभा मिळाली. आमच्या या घरातला मुलगा जॉर्जियाला गेला. पुन्हा फी, पुन्हा कर्ज. त्या वेळी घरात कुणी म्हटले नाही की, परदेश धोक्याचा आहे, मुलाला आता घरी ठेवू. बॉम्ब पडत असलेल्या देशातून तो आला होता, तरी त्याला दुसऱ्यांदा पाठवले. आणि मुलीने शांतता असलेल्या देशाचे नाव काढले तर आईला झोप लागेना. "पोरीला एकटीला कसं सोडायचं वो? पोराचं येगळं हाय." मी विचारले, "कोरोनात रात्री दोन वाजता ती दवाखान्यातून एकटी यायची तेव्हा?" आई गप्प बसली.

धोका हा शब्द आपल्याकडे मुलीसाठीच राखून ठेवलेला आहे. पण मुलीने परदेशी जाण्याचा एक मार्ग असा आहे ज्यात कुणालाच धोका दिसत नाही. तो म्हणजे लग्न. अमेरिकेतला नवरा मिळाला की आईवडील पेढे वाटतात. त्याच्या नोकरीची, कर्जाची, स्वभावाची चौकशी न करता पंधरा दिवसांच्या सुट्टीत लग्न उरकतात. तिकडे एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर गेलेल्या बायकोला २०१५ पर्यंत नोकरी करायची परवानगीच नव्हती आणि त्यानंतरही ती काहीजणींनाच मिळाली. इंजिनिअर, डॉक्टर झालेल्या मुली तिथे वर्षानुवर्षे घरात बसल्या, बँकेच्या खात्यापासून घराबाहेर पडण्यापर्यंत नवऱ्यावर अवलंबून. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरची फी लावली तेव्हा इथे चर्चा झाली ती मुलांच्या नोकऱ्यांची. ज्यांचा सगळा आधार त्या एका कागदावर टांगलेला आहे त्या बायकांविषयी कुणी बोलले नाही. मंदी आली, नोकरी गेली की त्याचा राग कुणावर निघतो हे आपल्याला सल्ला केंद्रात बसून पुरते कळले आहे. परदेशात ती ओरडली तरी शेजारणीला भाषा कळत नाही.

स्वतःच्या पायावर जाणारी मुलगी धोक्यात आणि नवऱ्याच्या कागदावर जाणारी सुरक्षित, हा हिशेब उलटा आहे. तो उलटाच आहे हे आपण घरोघर सांगितले पाहिजे.

सरकारचाही हिशेब फारसा वेगळा नाही. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली, दहावी न झालेल्या व्यक्तीला आखातासह ठरावीक १८ देशांत कामाला जाण्यासाठी सरकारी परवानगी घ्यावी लागते, असा नियम वर्षानुवर्षे आहे. त्यात बाईसाठी आणखी एक अट घातली गेली: वय ३० पूर्ण हवे. पुरुषाला ही अट नाही. दहावी झालेल्या मुलीलाही नाही. म्हणजे ती लागू होते कुणाला? धुणीभांडी करणारीला, शेतमजूर बाईला, पंचविशीत नवऱ्याने टाकलेल्या दोन मुलांच्या आईला. हेतू संरक्षणाचा, असे सांगतात. परिणाम असा होतो की, गरज असलेली बाई थांबत नाही. एजंट तिला पर्यटक म्हणून विमानात बसवतो आणि मग ती कुठल्याच नोंदीत राहात नाही. पगार थकला, मालकाने हात टाकला, तर तक्रार करायला तिच्याकडे करारपत्र नसते. बाईला बांधून ठेवणे म्हणजे बाईचे रक्षण, ही समजूत घरात आहे तीच मंत्रालयात आहे.

आता आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींच्या आक्षेपाकडे येते. आमच्या बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "आपण इथे परिचारिकांना योग्य पगार मिळावा म्हणून लढायचे, की त्यांना जर्मनीला जायचा रस्ता दाखवायचा? सगळ्या गेल्या तर सीपीआरमधल्या गरीब बाईची शुश्रूषा कोण करणार?" हा प्रश्न खोटा नाही. शिकलेल्या मुली जाणार, त्यांच्या मागे त्यांच्या आया आजारी सासऱ्यांची सेवा फुकट करणार आणि त्या मुली परक्या देशातल्या म्हाताऱ्यांची सेवा पगार घेऊन करणार, यात काहीतरी चुकते आहे हे कबूल. पण त्या चुकीचा दंड त्या मुलीनेच का भरावा? देशाची सेवा म्हणून १२,००० रुपयांत राहा, हे आपण तिला सांगायचे आणि युक्रेनला गेलेल्या भावाला, अमेरिकेतल्या इंजिनिअरला मात्र नाही? त्यागाचा उपदेश बाईलाच करायचा ही परंपरा आपण मोडायला निघालो होतो. पगाराची लढाई लढू, जरूर लढू. ती लढाई संपेपर्यंत दार लावून ठेवण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.

राहणे हा खरा निर्णय केव्हा होतो? जाता येत असूनही ती राहते तेव्हा. आणि जाणे हा खरा निर्णय केव्हा होतो? इथे सन्मानाने राहता येत असूनही ती जाते तेव्हा. आज आपल्या मुलींना दोन्हींपैकी एकही नीट मिळत नाही. म्हणून मला वाटते की आपल्या गटांनी काही कामे हाती घ्यावीत.

पहिले काम माहितीचे. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे पाहायला मुलींना शिकवू. नोंदलेल्या एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, हे बावड्यातल्या किती घरांना माहीत आहे? पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, कुठल्याही मालकाला किंवा नवऱ्याला तो काढून घेऊन कुलपात ठेवायचा अधिकार नाही, हे प्रत्येक जाणारीला पाठ असले पाहिजे. सरकारी परवानगीवर जाणाऱ्यांसाठी १० लाख रुपयांचा प्रवासी विमा आहे आणि दोन वर्षांचा त्याचा हप्ता २७५ रुपये ठेवलेला होता. एवढ्या पैशाचा कागद एजंट टाळतो तेव्हा त्याचा हेतू ओळखावा.

दुसरे काम लग्नाबद्दलचे. परदेशातल्या स्थळाची चौकशी करणे म्हणजे अविश्वास नव्हे. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांतल्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. छळ होऊन माहेरी परतलेली बाई माहेरच्या गावीही तक्रार करू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. "तिकडं घडलं, हितं काय करणार?" असे सांगून कुणी परत पाठवले तर तिने गप्प बसू नये.

तिसरे काम शिक्षणाचे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी राज्य सरकारची जी शिष्यवृत्ती आहे तिला राजर्षी शाहूंचेच नाव आहे. जागा वर्षाला ७५. साऱ्या महाराष्ट्रासाठी ७५. शाहूंच्या जन्मगावातल्या किती मुलींपर्यंत ही माहिती पोहोचते? जमीन नसलेल्या घरात विकायला गुंठे नसतात. तिथल्या मुलीला हीच एक वाट. या जागा वाढाव्यात आणि मुलींचा त्यातला वाटा डोळ्यांत तेल घालून पाहावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आणि चौथे, ३० वर्षांची ती अट रद्द करून त्याजागी लेखी करार, वकिलातीत नोंद आणि तक्रारीची सोय मागू. बाईचे वय मोजण्यापेक्षा मालकाचे वर्तन मोजा, एवढे सरकारला सांगू.

त्या मुलीचे काय झाले? भाषेच्या परीक्षेची एक पायरी ती उतरली आहे. परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला अजून एक हवी. तिचे करारपत्र आले की आम्ही ते वकीलताईंकडून वाचून घेणार आहोत. भावाच्या कर्जाचा हप्ता तिने थांबवलेला नाही, पण घरी स्पष्ट सांगितले आहे की, पुढच्या वर्षापासून तो भावाने भरायचा. यावरून घरात बरेच दिवस अबोला होता. आई अजून खूश नाही. मात्र परवा ती पुन्हा केंद्रात आली आणि या वेळी मुलीला समजवा असे म्हणाली नाही. म्हणाली, "ताई, पासपोर्ट तिच्याजवळच ऱ्हायला पायजे म्हणता, तर तो ठेवायला कापडाची पिशवी शिवून देतो. आतनं बांधायची. कसली शिवू?"

आम्ही दोघींनी मिळून माप काढले. तुमच्या गावात, तुमच्या गटात अशा मुली येत असतील. त्यांना तुम्ही काय सांगता, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.